चर्चला नवीन आलाय? पश्चात्तापापासून सभासद होईपर्यंत, सातारा-सांगलीकडच्या लोकांसाठी

"आधी दारू सोडतो, घरातली भांडणं मिटवतो, जरा माणसात येतो, मग बघू चर्चचं." हे वाक्य आपल्याकडं इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की हा लेख खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला घेतला. असं म्हणणारी माणसं बहुतेक येतच नाहीत, आणि सुधारायचं पण राहून जातं, कारण ते एकट्याच्यानं होण्यासारखं काम नाही. ख्रिस्ती विश्वासात आधी स्वच्छ व्हा आणि मग आत या असा नियम नाही. आत यायचं, बसायचं, आणि बसल्या बसल्या साफसफाई चालू करायची, आणि ती चालू केल्याशिवाय नुसतं बसण्यातही काही अर्थ नाही, ह्या दोन्ही गोष्टी एकदम धरायच्या आहेत.

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी एकात, १५व्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे, माहीत असेलच, नसेल तर आज रात्री वाचा, पाच मिनिटं लागतात. वाटणी मागून घेतली, दूर देशी जाऊन सगळी उडवली, दुष्काळ पडला, डुकरं राखायची पाळी आली. तिथं बसून तो बापाला काय बोलायचं ते मनात जुळवतो. मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. आता नीट बघा, घरी पोचल्यावर तो पहिली दोन वाक्यं म्हणतो आणि तिसरं तोंडातच राहतं, बाप त्याला ते म्हणूच देत नाही, झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा म्हणून नोकरांना हाका मारायला लागतो. बाप तर आधीच, पोरगं लांब दिसल्या दिसल्या पळत निघालेला. पण पोरगं उठून निघालं होतं हेही तितकंच खरं, आणि दुष्काळावर किंवा दोस्तांवर ढकलून त्यानं एक शब्द काढला नाही.

पहिलं काम: नक्की काय चुकलं ते नाव घेऊन म्हणा

"देवा मी फार पापी आहे" असं म्हणणं लय सोपं असतं ओ. त्यात कुणाचंच नाव येत नाही, रक्कम येत नाही, तारीख येत नाही. एक वही घ्या, एकट्यानं बसा, आणि जे आठवतं ते साध्या भाषेत लिहा. भावाचा बांध कोरून दोन सऱ्या आत घेतल्या. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली, तिला काय वाटतं ते विचारलंच नाही, आणि भाऊबीजेला भारीतली साडी दिली की झालं असं धरून चाललो. भिशीचे पैसे वेळेवर दिले नाहीत. बायकोवर हात उचलला. लिहून झालं की पान जपून ठेवा नाहीतर जाळून टाका, कुणाला दाखवायलाच पाहिजे असं काही नाही, लिहायचं ते स्वतःला फसवता येऊ नये म्हणून.

आणि लिहिताना एक तपासा, वाईट कशाचं वाटतंय, केल्याचं की पकडल्याचं? दोन्हीत डोळ्यांना पाणी येतं त्यामुळं वरून फरक कळत नाही. बायबलातल्या दावीद राजाचं उदाहरण घ्या. आपल्याच फौजेतल्या उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढं ठेवून मारवलं, आणि नंतर निवांत राज्य करत होता. मग नाथान संदेष्टा आला आणि त्यानं सरळ आरोप केलाच नाही, एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली जी श्रीमंत शेजाऱ्यानं हिसकावून पाहुण्याला कापून घातली. दावीद खवळला, असल्या माणसाला मारलं पाहिजे म्हणाला, आणि नाथान म्हणाला तो माणूस तूच. ५१वं स्तोत्र ह्याच प्रसंगाच्या नावावर आहे, चर्चमध्ये राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस सुरू होतात त्या दिवशी, ते हमखास वाचतात. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की दावीदाला स्वतःचं स्वतःला दिसलंच नव्हतं, दुसरा माणूस यावा लागला. आपल्यालाही बहुतेक वेळा बायको नाहीतर धाकटी बहीणच सांगते, आणि आपण म्हणतो तुला काय कळतंय.

दुसरं: एकटे राहू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं

येशूला ऐन वेळी दगा देणारे त्याचेच दोन शिष्य होते. एक यहूदा, एक पेत्र. दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदानं तर मत्तय २७ मध्ये पैसेसुद्धा परत नेऊन दिले, तीस रुपयांतला एक ठेवून घेतला नाही, आणि निर्दोष माणसाचा घात केला असं स्पष्ट कबूल केलं. म्हणजे कबुली झाली, परतफेड झाली, अजून काय पाहिजे? पण तो हे सांगायला गेला कुणाकडं तर ज्यांनी त्याला पैसे दिले त्या याजकांकडं, आणि ते म्हणाले त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटा निघाला आणि त्यानं जीव दिला.

पेत्रानं कबुली वगैरे काही दिली नाही. रात्री कोळशाच्या शेकोटीपाशी तीनदा ओळख नाकारली, बाहेर जाऊन रडला, बस. पण तो बाकीच्यांना सोडून गेला नाही. योहानाच्या शुभवर्तमानात २१व्या अध्यायात तो त्याच जुन्या सोबत्यांबरोबर होडीत सापडतो, मासे पकडायला गेलेला, रात्रभर काही मिळालेलं नाही. किनाऱ्यावर येशूनं परत कोळशाचा विस्तव पेटवलेला, मासे भाजत ठेवलेले, आधी जेवा म्हणतो, आणि जेवण झाल्यावर तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. ह्या दोघांतला सगळा फरक मला तरी एवढाच दिसतो की एक जण चारचौघांत टिकून राहिला. चारचौघं म्हणजे कोण तर पळून गेलेलेच सगळे, कुणी मोठा साधू नव्हता त्यात.

म्हणून मंडळी, म्हणजे एका चर्चला जमणारी माणसं, शोधा. आणि मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर रविवारची वाट बघत बसू नका, आत्ताच कुणाला तरी जवळ बोलावून घ्या, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात. तसंच वर्षानुवर्षं रोजची दारू असेल तर प्रार्थनेच्या जोरावर एका दिवसात बंद करू नका, झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं, आधी डॉक्टर. डॉक्टरकडं गेल्यानं विश्वास कमी पडतो असं कुणी सांगितलं तर त्याला म्हणावं मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली कुणी आणि कशासाठी काढलं ते विचारून ये. ते काढणारे डॉक्टर वॉन्लेस मिशनरीच होते की.

तिसरं: पहिला रविवार

आपल्या भागात साधारण तीन प्रकारच्या मंडळ्या भेटतील. जुन्या मिशनच्या, म्हणजे सातारा-वाईकडं अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं आणि सांगली-मिरज-कोल्हापूरकडं अमेरिकन प्रेसबिटेरियन लोकांचं, त्यातल्या बऱ्याच मंडळ्या आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आहेत, जे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झालं. मग कॅथलिक. आणि मग हॉलमध्ये, घरात, पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या नवीन प्रार्थनासभा. कुठं जायचं ते मी सांगणार नाही, दोन-तीन ठिकाणी बसून बघा. एवढं मात्र बघाच की तिथं बायबल वाचतात का, हिशोब वर्षातून एकदा तरी सगळ्यांपुढं ठेवतात का, आणि पाळकाला, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या धर्मगुरूला, प्रश्न विचारला तर तो चिडतो का.

वेळ गेटवरच्या बोर्डावर असते. दहा-पंधरा मिनिटं आधी जा. दाराशी चपला दिसल्या तर काढा, नाही दिसल्या तर घालून आत जा, दोन्ही पद्धती आहेत. गावाकडच्या जुन्या चर्चमध्ये बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला असं अजून असतं, प्रार्थनेला बायका डोक्यावर पदर घेतात, नाही घेतला तरी कुणी हाकलत नाही. कुणी "सलाम" म्हटलं तर सलाम म्हणा, आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत हाच नमस्कार. नवीन सभांमध्ये "प्रेज द लॉर्ड" म्हणतात. तुम्ही नमस्कार म्हटलात तरी चालतं.

उपासनेतली पदं, म्हणजे गाणी, कळायला लागली की मन आपोआप रमतं, कारण त्यातल्या कितीतरी ओव्या-अभंगांच्या चालीवर आहेत, पेटी-तबल्यावर ऐकलं तर क्षणभर वाटतं एकादशीच्या कीर्तनाला बसलोय. उपासनेत सुरुवातीच्याच भागात पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, येतो. सगळी मंडळी मिळून म्हणते आणि पाळकसाहेब पण खाली मान घालून त्यातच म्हणतात, निवृत्त हेडमास्तर म्हणतात, नर्सबाई म्हणतात, कालपरवा सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांच्या विरोधात उभे राहिलेले दोघं शेजारी शेजारी बसून म्हणतात. तुमच्या वहीतलं पान मनात आणायची हीच जागा. घाईघाईत वाचून टाकू नका, बाकीचे टाकतात म्हणून. मग पापक्षमेचे शब्द, शास्त्रवाचन, उपदेश, मतांगीकार म्हणजे आमचा विश्वास कशावर ते सगळ्यांनी म्हणायचं, प्रभूची प्रार्थना, सूचना, आशीर्वाद. सूचना कधी कधी उपदेशापेक्षा लांबतात, त्याला इलाज नाही.

दानाची थैली फिरते, नवीन माणसानं काही टाकलंच पाहिजे असं नाही, पुढं सरकवा. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असेल, बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, तर बाप्तिस्मा झालेला नसेल तोवर घेऊ नका, ताट शेजाऱ्याकडं द्या आणि शांत बसा. कॅथलिकांत मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या वेळी लोक ती भाकर घ्यायला रांगेनं पुढं जातात तेव्हा जागेवर बसून राहा, अर्ध्या बाकावर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. हे अपमानाचं अजिबात नाही, तुम्हाला कुणी मोजत नाहीये.

बाहेर पडताना पळू नका. चहा असेल तर प्या. "कुठले तुम्ही? कुणाचे?" हा प्रश्न येणारच, सातारकर तो लग्नातही विचारतात आणि मयतीलाही.

चौथं: कुणाला सांगायचं

काही रविवार गेले, ओळख झाली की पाळकसाहेबांना किंवा फादरना वेळ मागा. दारात उभ्या उभ्या नको, "साहेब अर्धा तास पाहिजे, खाजगी बोलायचंय" असं सरळ म्हणा.

कॅथलिकांत कन्फेशनची, म्हणजे फादरपुढं पापं सांगायची, ठरलेली पद्धत आहे, आधी स्वतःला तपासायचं, मग सांगायचं, मग फादर प्रायश्चित्त देतात आणि पापमोचनाचे शब्द म्हणतात. तिथं ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, कोर्टात बोलावलं तरी नाही, चर्चचा कायदाच तसा आहे. पण हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, नवीन माणूस फादरशी मोकळेपणानं बोलू शकतो, पापमोचन मात्र त्याला बाप्तिस्म्यातच मिळतं. प्रॉटेस्टंट मंडळीत तसा कन्फेशनचा खोका नसतो, देवाला थेट सांगा म्हणतात, पण याकोबाच्या पत्रात ५व्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करा असंही स्वच्छ लिहिलंय आणि ते आपल्याकडं सोयीस्करपणे विसरलं जातं. पाळकाशी बोलायच्या आधी एवढं विचारा, "साहेब हे तुमच्या घरातसुद्धा जाणार नाही ना?" विचारण्यात कमीपणा नाही. गाव छोटं आहे.

साक्ष, म्हणजे आपण कसे बदललो ते सगळ्यांपुढं सांगायला, लगेच माईक हातात देतात काही ठिकाणी. माझं ऐकाल तर पहिलं वर्ष माईकपासून लांब राहा. एकतर स्वतःची गोष्ट सांगता सांगता दुसऱ्याची नावं बाहेर येतात, बायकोची, सासऱ्याची, जिच्याशी भानगड होती तिची, आणि त्यांनी कुठं परवानगी दिलेली असते. दुसरं म्हणजे टाळ्या पडायला लागल्या की दर सभेला पाप जरा जास्त काळं होत जातं आणि बदल जरा जास्त चकचकीत.

पाचवं: परत करा

इथं बरेच जण अडकतात, म्हणून जरा सावकाश.

जक्कय नावाचा जकातदार होता, लूक १९. बुटका, म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला येशूला बघायला. येशू म्हणाला खाली ये, आज तुझ्याकडं उतरायचंय मला. हे आधी झालं हं. अख्खं गाव कुरकुरलं की पापी माणसाच्या घरी गेला म्हणून. मग जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवून घेतलंय त्याला चौपट परत करतो. कुणी त्याला मागितलं नव्हतं, पण घरात आलेला पाहुणा बघून त्याला राहवलं नाही, आणि तो "मला फार वाईट वाटतं" असं म्हणून थांबला नाही, आकडा बोलला.

आता आपल्याकडं आणा हे. समजा बांध कोरलाय. तर नुसतं भावाच्या गळ्यात पडून रडून चालणार नाही, मोजणी आणायची, भूमी अभिलेखची फी स्वतः भरायची, खुणा घालून घ्यायच्या, आणि इतकी वर्षं त्या दोन सऱ्यांचा ऊस कारखान्याला कुणाच्या नावावर गेला त्याचाही हिशोब काढायचा. भाऊ कदाचित म्हणेल राहू दे रे, कदाचित म्हणेल एवढ्या दिवसांनी आठवलं व्हय, कदाचित म्हणेल चर्चवाल्यांनी पढवून पाठवलंय. तिन्ही ऐकून घ्यायचं. माफी दे असा हट्ट करायचा नाही, ती त्याची गोष्ट आहे. बहिणीच्या हक्कसोडीचं असंच, साडी नको, तिला बसवून विचारायचं की तुझा हिस्सा पाहिजे का, आणि ती हो म्हणाली तर तोंड वाकडं न करता वकिलाकडं जायचं. बायकोला कळायच्या आधी हे करू नका नाहीतर एका पश्चात्तापातून दुसरं भांडण उभं राहील.

किराणा दुकानदाराची जुनी उधारी असली तर सगळ्यात आधी ती. सोपी आहे आणि हात बसतो.

काही गोष्टी परत करता येत नाहीत. माणूस मेला, पत्ता लागत नाही, किंवा समोर गेलो तर त्या बाईच्या संसारात नवीन आग लागेल. तिथं पाळकांना विचारून दुसरी वाट काढा, तेवढी रक्कम कुठल्यातरी आश्रमाला, वसतिगृहाला द्या, नाव न सांगता. आणि मारहाण, अत्याचार, लहान मुलाला त्रास असली गोष्ट असेल तर देवानं माफ केलं म्हणून पोलीस, कोर्ट सुटत नाही. दावीदाला क्षमा झाली तरी परिणाम चुकले नाहीत. ज्याला त्रास झालाय त्याला "आता तू पण क्षमा कर, ख्रिस्ती आहेस ना" असं म्हणून समेटाला बसवणारे लोक मंडळीत असतात, मला त्यांचा राग येतो हे लपवत नाही. पश्चात्ताप करायचाय तो करणाऱ्यानं, ज्यानं सोसलंय त्याच्या मानगुटीवर घड्याळ ठेवायचं नाही.

मत्तयच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे उपासना चालू असताना उठून गेलात तरी चालेल असा त्याचा अर्थ होतो की. कुणी उठलेलं पाहिलं नाही अजून.

सहावं: बाप्तिस्मा, आणि त्याच्या आधीचा काळ

घाई करू नका. कुणी पहिल्याच भेटीत आजच घ्या म्हणत असेल तर थांबा म्हणावं. ते लोक प्रेषितांच्या कृत्यांतला ८वा अध्याय दाखवतील, इथिओपियाच्या अधिकाऱ्याचा वाटेतच बाप्तिस्मा झाला म्हणून, बरोबर आहे, पण तो रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत होता आणि अर्थ विचारत होता, कोरा नव्हता. कॅथलिकांत मोठ्या माणसांची बरेच महिने तयारी घेतात आणि बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो. जुन्या मराठी मंडळ्यांत पाळक काही आठवडे शिकवतात, मग मंडळीच्या पंचांपुढं प्रश्न विचारतात. लहानपणी कुठल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला असेल तर तो दाखला शोधा, जुन्या चर्चांत बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देत नाहीत. बाप्तिस्म्याला फी नसते, आणि त्याच्या बदल्यात नोकरी, अ‍ॅडमिशन, पैसे असलं काही कुणी कबूल करत असेल तर तिथून निघा.

बाप्तिस्म्याआधीच्या दिवसांत माणूस अधांतरी होतो, घरचे म्हणतात तू आता तिकडचा आणि तिकडं अजून नाव नाही. हा प्रश्न साताऱ्याला नवीन नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यापायी घर मोडलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि पुढं स्वतःच्या विचारानं त्याही ख्रिस्ती झाल्या. तेच टिळक शेवटी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि १९१७ मध्ये इथं त्यांनी देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत ही त्यांची इच्छा. १९१९च्या मेमध्ये ते गेले, दरबार त्यांच्यामागं फार टिकला नाही. पण आपल्या राजवाड्याच्या, अजिंक्यताऱ्याच्या गावात हा प्रयोग झालाय हे नवीन माणसानं माहीत करून घ्यावं, आणि कुणी "बाप्तिस्मा कधी?" म्हणून पाठीमागं लागलं तर त्यांना पण सांगावं.

कागदाचं एक स्पष्ट बोलतो कारण मंडळीत बहुतेक जण "काही होत नाही ओ" म्हणून विषय टाळतात. संविधानाच्या अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती झालं की तो राहत नाही. जमातींना धर्माची ही अट नाही. मुलांची शिष्यवृत्ती, राखीव जागेवरची नोकरी, सरपंचपद असं काही त्यावर उभं असेल तर बाप्तिस्म्याच्या आधी चांगल्या वकिलाला भेटा, धर्मांतराचे कायदेही बदलत असतात तेही त्यालाच विचारा, आणि घरात सगळ्यांना बसवून बोला. सर्टिफिकेट एक आणि रविवार दुसरा असं दोन्ही बाजूंनी जगणारे आहेत, त्यांची ओढाताण समजते, हा अन्याय आहे असं म्हणणारे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत, पण पश्चात्तापाची सुरुवातच खोट्या कागदावर नको.

घर आणि गाव

पहिल्या सहा महिन्यांत घरी उपदेश करू नका. कृपा करून. देव्हाऱ्याबद्दल आईला काही बोलू नका. त्यापेक्षा पगार घरात द्या, संध्याकाळी वेळेवर या, तिला फरक दिसेल आणि ती स्वतःच विचारेल कुठं जातोस म्हणून.

जत्रेच्या मटणाचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. खायचं का नाही? प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ह्यावर तीन अध्याय घालवलेत, म्हणजे तिथंही भावकीच्या जेवणावळी असणार. त्याचं म्हणणं साधारण असं की बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. आपल्याकडं काही मंडळ्या अजिबात खात नाहीत, काही खातात. तुम्ही ठरवा, फक्त ताटावरून उठून भाषण देऊ नका, चुलत्याच्या घरी पोळी-भाजी मागून घेता येते.

आतले थोरले भाऊ

लूकच्या त्या गोष्टीत थोरला मुलगा पण आहे. शेतातून आला, वाजंत्री ऐकली, आणि आत यायलाच तयार नाही. मी इतकी वर्षं राबतोय, मला कधी करडू दिलं नाही, आणि ह्याला पोसलेलं वासरू. बाप त्याच्यासाठी पण बाहेर येतो, विनवण्या करतो. तो आत गेला का नाही ते गोष्टीत सांगितलेलंच नाही.

प्रत्येक जुन्या मंडळीत हा भाऊ बाकावर बसलेला भेटेल. तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती, आजोबा मिशन शाळेत मास्तर, पणजी घरोघर बायबल सांगणारी बायबल-बाई, भिंतीवरच्या पाटीवर घराण्याचं नाव. त्यातले कितीतरी लोक लाखमोलाचे, तुमच्या बाळंतपणाला डबे पोचवतील, रात्री दोनला दवाखान्यात येतील. पण काहींना तुमचं येणं खुपतं. "नवीन आहेत ना, त्यांना नाही कळायचं." गट असतात, जमिनीचे वाद असतात, निवडणुका असतात, जात दारातच राहते असंही नाही, लग्नं जमवताना ती हळूच पुढच्या बाकावर येऊन बसते. हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे धक्का बसायला नको. पहिल्या दोन वर्षांत कुठल्याही गटाच्या कागदावर सही करू नका. कामाला लागा, खुर्च्या लावा, शब्बाथ शाळेत पोरं सांभाळा, नाताळच्या फराळाला करंज्या लाटायला बसा, आपलेपणा सभेत ठराव करून येत नाही, तो करंज्या लाटताना येतो.

परत चुकलात, परत पिऊन आलात, परत हात उचलला, तर पुढचा रविवार चुकवायचा नाही. लाज वाटते म्हणून दोन रविवार जातात, मग चार, मग फोन उचलणं बंद. मागच्या बाकावर बसा, कुणाशी बोलू नका हवं तर, पण बसा, पापांगीकार सगळ्यांबरोबर म्हणा आणि सोमवारी पाळकांना फोन करा. ज्याच्यावर हात उचलला ती व्यक्ती आधी सुरक्षित आहे का ते मात्र रविवारच्या आधी, त्याच दिवशी बघायचं.

नाव लागल्यावर

बाप्तिस्मा आणि दृढीकरण, म्हणजे विश्वास पक्का झाल्याचा विधी, झालं की सभासद यादीत नाव येतं. वर्गणी ठरलेली असते, ती थकवू नका, कारण वार्षिक सभेत मत देता येणं बऱ्याच ठिकाणी त्यावर असतं, आणि दफनभूमीच्या जागेचा विषय निघाला की आधी रजिस्टर उघडतात, हे ऐकायला कसंतरी वाटतं पण घरच्यांना ऐनवेळी धावपळ नको. बाप्तिस्म्याचा दाखला लॅमिनेट करू नका, मूळ प्रत तशीच ठेवा, झेरॉक्स काढा, नावाच्या स्पेलिंगची आधारशी त्याच दिवशी ताडणी करा. नाव बदललं असेल तर ते राजपत्रात वेगळं छापून घ्यावं लागतं, चर्चचा दाखला त्याला पुरत नाही. पुण्याला नोकरी लागली, बदली झाली, की निघायच्या आधी सेक्रेटरींकडून मंडळी बदलल्याचं पत्र मागून घ्या, तिकडच्या पाळकांना पहिल्याच रविवारी द्या, नाहीतर तिकडं परत "कुठले तुम्ही, कुणाचे" पासून सुरू होतं.